दुबईचा फोन बेळगावात: रीजन कधी बदलायचं, कधी हात लावायचा नाही

प्रश्न असा आला आहे: "भावानं दुबईहून सॅमसंग गॅलॅक्सी एस२३ पाठवला. चालतो झकास, पण कॉल रेकॉर्डिंगचं बटणच नाही. आईसाठी बेळगावात एक रेडमी सेकंडहँड घेतला. त्यात भाषा फक्त चिनी आणि इंग्रजी, मराठी नाहीच. शिवाय जिओचं सिम घातलं की इंटरनेट चालतं, पण फोन लागत नाही. दोन्हींचं रीजन बदलता येईल का? आम्ही जांबोटीच्या बाजूचे, पण सिम कोल्हापुरात घेतलेली. मग रीजन कर्नाटकाचं ठेवायचं की महाराष्ट्राचं?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, आणि त्यात विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. भाषावार राज्यं झाली त्या १९५६ पासून 'आपण कुठल्या बाजूचे' हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे. रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे तो भेटतो, मग फोनमध्येही असेल असं वाटणारच. पण फोनच्या फर्मवेअरला, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, राज्य नसतं, देश असतो. सिमच्या आत एक लांब नंबर असतो, त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५, अमिरातीचे ४२४. फोन आधी हे तीन आकडे वाचतो. कर्नाटक सर्कल की महाराष्ट्र-गोवा सर्कल, हे पुढच्या आकड्यांवरून कंपनीचं नेटवर्क ठरवतं. तुमचा फोन चंदगडच्या डोंगरावरचा टॉवर पकडो की खानापूरकडचा, फर्मवेअरला त्याच्याशी देणंघेणं नाही. सिम कोल्हापूरचं असो वा बेळगावचं, रीजन एकच: भारत.

आता मुळाशी जाऊ. मी नोकियाच्या काळापासून या कामात आहे. तेव्हा फर्मवेअरच्या तीन फाइली असायच्या: एमसीयू, पीपीएम आणि सीएनटी. एमसीयू म्हणजे मुख्य प्रोग्रॅम, सीएनटी म्हणजे आतले रिंगटोन-चित्रं वगैरे, आणि पीपीएम म्हणजे भाषांचा गठ्ठा. गल्फमधून आलेल्या माणसाच्या फोनमध्ये अरबी-इंग्रजीचा पीपीएम असायचा. *#००००# दाबून व्हर्जन बघायचं, केबल लावायची, भारताचा पीपीएम मारायचा, की फोनमध्ये हिंदी उमटायची. देवनागरीत पहिल्यांदा मेसेज वाचणारी म्हातारी माणसं मी समोर बघितली आहेत, ती आठवण अजून ताजी आहे. सांगायचा मुद्दा असा की 'रीजन' नावाची गोष्ट स्मार्टफोनबरोबर आलेली नाही. एकच यंत्र वेगवेगळ्या देशांत विकायचं तर भाषा, तिथले कायदे, तिथल्या कंपन्यांच्या नेटवर्कच्या सेटिंग आणि आधीपासून भरलेली ॲप, एवढं प्रत्येक देशासाठी वेगळं बांधावं लागतं. त्या बांधणीलाच आपण रीजन म्हणतो.

पण लोक इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात, आणि बहुतेक फोन त्या घोळातच डेड होतात. एक आहे मॉडेल नंबर आणि दुसरा रीजनचा कोड. आपल्या पहाणीच्या उताऱ्यावर (पलीकडे ज्याला सातबारा म्हणतात) जमिनीचा नंबर असतो आणि पिकाचा रकानाही असतो. पीक दरवर्षी बदलता येतं, जमीन बदलत नाही. खानापूरच्या तांबड्या मातीत तुम्ही भात घ्या नाहीतर काजू लावा, तिचं काही निपाणीचं काळं रान होणार नाही. मॉडेल नंबर ही जमीन. आत कुठला प्रोसेसर, कुठला मोडेम, अँटेनाला कुठले बँड (लहरींचे पट्टे) जोडलेले, हे सगळं तिच्यात पक्कं झालेलं असतं. रीजन कोड हे पीक.

सॅमसंगचंच उदाहरण घ्या. गॅलॅक्सी एस२२ युरोपात एसएम-एस९०१बी या नंबरानं विकला गेला, त्यात एक्सिनॉस प्रोसेसर. भारतात तोच एस२२ एसएम-एस९०१ई म्हणून आला, त्यात स्नॅपड्रॅगन. बाहेरून दोन्ही जुळे, रंगही तेच. पण लंडनहून आणलेल्या बी मॉडेलवर भारताच्या ई मॉडेलचं फर्मवेअर कधीच चढणार नाही, कारण आतली चिपच दुसरी आहे. पुढच्याच वर्षी एस२३ मात्र युरोपात आणि भारतातही एसएम-एस९११बी याच नंबरानं आला. म्हणजे एका वर्षात गणित फिरलं. म्हणूनच 'माझ्या मित्राच्या फोनला चाललं' या वाक्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. मित्राचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का, ते आधी बघायचं.

त्यासाठी सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा. मॉडेल नंबर पुढेच दिसेल. मग 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'मध्ये जा आणि 'सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन'ची लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी तीन-तीन अक्षरांचे कोड तिरप्या रेघांनी जोडलेले असतात. पहिला कोड सध्या चालू असलेला. तुमच्यात बहुतेक एक्सएसजी असेल, ते अमिरातीचं. सौदीहून आलेल्या फोनमध्ये केएसए असतं. भारताचं आयएनएस. या कोडला सॅमसंगवाले सीएससी म्हणतात. कॉल रेकॉर्डिंग आयएनएसमध्ये आहे आणि एक्सएसजीमध्ये नाही. तुमचं बटण सापडत नाही त्याचं कारण एवढंच, फोनमध्ये दोष काही नाही.

रीजन बदलल्यानं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी स्पष्ट करून घ्या. कॉल रेकॉर्डिंग मिळतं. भारतातल्या कंपन्यांच्या व्होल्टीई (४जीवरून लागणारे कॉल) आणि ५जीच्या सेटिंग मिळतात. इथे ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने माझ्याकडे रांग लागली होती. फोनमध्ये ५जीचं रेडिओ होतं, टॉवरवरही ५जी होतं, पण भारतासाठीचं अपडेट आल्याशिवाय फोन ते वापरतच नव्हता. आयफोनलासुद्धा त्यासाठी डिसेंबरातल्या आयओएस १६.२ पर्यंत थांबावं लागलं. हार्डवेअर हजर, परवानगी गैरहजर. फर्मवेअरचं काम नेमकं हे परवानगीचं असतं.

मिळत नाही ते असं. बँड मिळत नाहीत. जिओचं ४जी मुख्यतः बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. बीएसएनएलनं गावोगावी ४जी उभं केलं ते ७०० मेगाहर्ट्झच्या बँड २८ वर आणि २१०० च्या बँड १ वर. जिओचं ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या एन७८ वर आणि ७०० च्या एन२८ वर. यातला एखादा बँड फोनच्या सर्किटमध्ये बसवलेलाच नसेल तर जगातलं कुठलंही फर्मवेअर तो उगवून देणार नाही. बेळगाव शहरात हे जाणवणार नाही, खडेबाजारात टॉवरला तोटा नाही. पण जांबोटी-कणकुंबीच्या रानात जाणवतं. ७०० आणि ८५० सारख्या खालच्या लहरी झाडी-डोंगरातून लांब जातात, वरच्या लवकर दमतात. तिथं एका बँडच्या फरकानं घरात रेंज येते किंवा अंगणात जाऊन उभं राहावं लागतं.

वॉरंटीही मिळत नाही. बाहेरच्या देशात विकलेल्या फोनला इथली वॉरंटी कोड बदलून लागू होत नाही, कारण सर्व्हिस सेंटर आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि सिरियल नंबर बघतं. अमेरिकेतल्या नातेवाइकानं पाठवलेला फोन तिथल्या कंपनीला लॉक असेल तर ते लॉक रीजन बदलून निघत नाही, ती निराळी गोष्ट आहे. शिवाय अमेरिकेच्या सॅमसंगांचे नंबर 'यू' किंवा 'यू१'नं संपतात आणि त्यांवर भारताचं फर्मवेअर बसतच नाही.

आयफोनबद्दल दोनच ओळी, कारण तिथे करण्यासारखं काही नाही. एका मॉडेलचं आयओएस सगळ्या देशांत तेच असतं, फरक हार्डवेअरवर कोरलेल्या देशाच्या खुणेनं पडतो. अमिरातीत विकत घेतलेल्या आयफोनमध्ये फेसटाइम दिसत नाही, जपानच्या आयफोनमध्ये तिथं असताना कॅमेऱ्याचा आवाज बंद होत नाही, अमेरिकेच्या आयफोन १४ पासून पुढे सिमचा ट्रेच नाही. फोन खोक्यात असतानाच मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं बघावीत. भारताचा असेल तर एचएन/ए.

तर आता तुमचा एस२३.

पहिली चौकशी भावाकडे करा. सॅमसंगनं २०१३ मध्ये नोट ३ पासून रीजन लॉक आणलं. खोक्यावर एक चिठ्ठी असते की फोन पहिल्यांदा त्याच भागातल्या सिमनं सुरू करून पाच मिनिटांहून जास्त बोलायचं, मग इतर देशांतली सिमं चालतात. भावानं तिथं वापरून पाठवला असेल तर हे आधीच पार पडलं. इथलं सिम तुमच्याकडे चालतं आहे, म्हणजे पडलंच असावं.

दुसरं, कॉम्प्युटरला हात लावण्याआधी साधा उपाय करून बघा. नव्या सॅमसंगांत एकाच फर्मवेअरमध्ये बऱ्याच देशांचे कोड एकत्र बांधलेले असतात. ओएक्सएम, ओडीएम अशी त्या गठ्ठ्यांची नावं. तुमच्या गठ्ठ्यात आयएनएस असेल, तर भारताचं सिम घालून फॅक्टरी रीसेट केल्यावर फोन कधी कधी स्वतःच तो कोड उचलतो. कधी कधीच, नेहमी नाही. पण यात धोका शून्य आहे, फक्त डेटा जातो. त्यामुळे आधी बॅकअप. बॅकअप म्हणजे फक्त फोटो नव्हेत. व्हॉट्सॲपचा बॅकअप, ऑथेंटिकेटरचे कोड, आणि गूगल खात्याचा पासवर्ड पाठ असणं. पासवर्ड माहीत नसताना रीसेट केलेले फोन 'आधीच्या खात्यानं लॉगिन करा' या पडद्यावर अडकून माझ्याकडे येतात. मालक शपथेवर सांगतो की फोन माझा आहे, पण फोनला शपथ कळत नाही. यूपीआयची ॲपही पुन्हा सिमशी जोडावी लागतील, तेव्हा त्या दिवशी कुणाला पैसे पाठवायचे असतील तर ते आधी उरकून घ्या.

त्यानं झालं नाही तरच पुढचं. ओडिन नावाचं विंडोजवरचं टूल आहे, त्यात कंपनीचंच मूळ फर्मवेअर भरायचं. फर्मवेअरमध्ये बीएल, एपी, सीपी आणि सीएससी अशा चार फाइली असतात, सोबत पाचवी होम सीएससी. चौथ्या खान्यात होम सीएससी घातली तर डेटा राहतो, पण मग कोडही बदलत नाही. साधी सीएससी घातली तर सगळं पुसलं जातं. रीजन बदलायचं म्हणजे साधीच घालावी लागते. 'री-पार्टिशन'च्या चौकटीत खूण करायची नाही, कुणी कितीही सांगो.

फाइल निवडताना सगळ्यात महत्त्वाचं काय ते सांगतो. बिल्ड नंबराचं शेवटून पाचवं अक्षर बघा, 'यू' किंवा 'एस'च्या लगेच पुढचं. तो बूटलोडरचा (फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) आकडा. तुमच्या फोनमध्ये तो ५ असेल आणि फाइलमध्ये ४, तर फोन ती घेणारच नाही, लाल अक्षरांत 'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल' असं दाखवेल. जुन्यावर परत जायचा रस्ता कंपनीनंच बंद केलेला असतो, सुरक्षेसाठी. समान किंवा मोठा आकडा हवा. त्याच्या पुढची अक्षरंही वाचता येतात. शेवटून तिसरं अक्षर वर्षाचं: डब्ल्यू म्हणजे २०२३, एक्स म्हणजे २०२४, वाय म्हणजे २०२५. शेवटून दुसरं महिन्याचं: ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं पुढे. हे एकदा कळलं की 'लेटेस्ट आहे' म्हणून कुणी जुनी फाइल तुमच्या गळ्यात मारू शकत नाही.

इथे एक खोच आहे, आणि भलेभले तिथेच चकतात. गठ्ठ्यात आयएनएसबरोबर एक्सएसजीही असेल, तर पूर्ण फर्मवेअर मारूनसुद्धा फोन आपला जुना कोड धरून बसतो. चालू कोड फर्मवेअरमध्ये नाही, फोनच्या एका वेगळ्या कप्प्यात लिहिलेला असतो. तो बदलायला पूर्वी डायलरमध्ये *#२७२* पुढे आयएमईआय आणि शेवटी # असं दाबून यादी उघडायची आणि त्यातून आयएनएस निवडायचं. बऱ्याच नव्या अपडेटनंतर ही यादी उघडत नाही किंवा रिकामी येते, मग वेगळी टूल लागतात. म्हणून ओडिन उघडण्याआधी हा मार्ग तुमच्या व्हर्जनवर चालतो का ते बघा. नाहीतर अख्खी दुपार आणि कित्येक जीबी डेटा खर्चून फोन पुन्हा एक्सएसजीच सांगेल.

मूळ, न बदललेलं फर्मवेअर ओडिननं मारलं तर नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, फ्यूज उडत नाही. रूट करण्यासाठी (फोनचा पूर्ण ताबा घेण्यासाठी) किंवा इतर कुठली बदललेली फाइल मारली तर उडतो. तो चिपमधला खरोखरचा फ्यूज आहे, एकदा ०x१ झालं की पुन्हा कधी शून्य होत नाही. मग सॅमसंग वॉलेट आणि सिक्युअर फोल्डर त्या फोनपुरते कायमचे संपले. तेव्हा 'रूट करून सीएससी बदलतो' असं कुणी म्हणालं तर फोन खिशात घालून घरी या.

काम लॅपटॉपवरच करा, बॅटरी भरलेल्या. आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचं काय खरं नसतं. फ्लॅश (फर्मवेअर भरणं) अर्धवट असताना डेस्कटॉप बंद पडला तर फोन मध्येच लटकतो. केबल खोक्यातली मूळ वापरा, फोन साठ टक्क्यांवर चार्ज करून घ्या, आणि 'पास' येईपर्यंत हलवू नका.

आता माझं मत. तुमचा फोन चांगला चालतोय, ५जी येतं, जिओ-एअरटेलवर फोन लागतात. तुम्हाला पाहिजे ते एक बटण. जमिनीचे किंवा ठेकेदारीचे व्यवहार फोनवर होत असतील आणि रेकॉर्डिंगची खरोखर गरज असेल, तर हे काम करण्यासारखं आहे, फक्त समोरच्याला सांगून रेकॉर्ड करा. 'सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, माझ्यात का नाही' एवढ्यासाठी असेल तर मी करणार नाही. भारताच्या बांधणीत आधीपासून भरलेली ॲपही जास्त येतात, तेही लक्षात असू द्या.

आईच्या रेडमीची गोष्ट वेगळी आहे. तिथं मी तुम्हाला थांबवणार आहे.

सेटिंगमधल्या व्हर्जनच्या शेवटी इंग्रजी अक्षरांचा झुपका असतो. त्यात देशाची दोन अक्षरं लपलेली असतात: आयएन म्हणजे भारत, सीएन म्हणजे चीन, एमआय म्हणजे ग्लोबल, ईयू म्हणजे युरोप, आयडी म्हणजे इंडोनेशिया. तुमच्या वर्णनावरून तिथं सीएन असणार. चीनसाठीच्या बांधणीत मेनूला मुख्यतः चिनी आणि इंग्रजी, आपल्या भाषा नाहीत. आपल्याकडे विकायच्या फोनला भारतीय भाषा दाखवता येणं बंधनकारक आहे, म्हणून भारताच्या बांधणीत मराठी आणि कन्नड दोन्ही येतात. चीनच्या फोनला ते बंधन लागू नाही.

मग मारा भारताचं सॉफ्टवेअर, असं कुणीही दुकानदार म्हणेल. अडचण अशी की शाओमीच्या (रेडमी त्यांचाच) फोनमध्ये बूटलोडर बंद असताना चीनच्या यंत्रावर दुसऱ्या देशाचं फर्मवेअर चालत नाही. फोन सुरू होताना रिकव्हरीत अडतो आणि लिहून येतं की हे व्हर्जन या फोनवर बसवता येत नाही. म्हणजे आधी बूटलोडर उघडायला पाहिजे. पूर्वी त्यासाठी खातं जोडून १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबलं की काम व्हायचं. २०२३ च्या शेवटी हायपरओएस ही शाओमीची नवी सिस्टीम आल्यावर चीनच्या फोनचे नियम फार कडक झाले. चिनी खातं, त्यांच्या कम्युनिटीत वरची पातळी, असं सगळं मागतात. आणि समजा उघडलाच, तर तो कायम उघडाच ठेवावा लागतो. उघड्या बूटलोडरवर काही बँकांची ॲप चालायला नकार देतात, आणि फोन चोरीला गेला तर आतल्या माहितीची राखण कमकुवत. आईची पेन्शन किंवा यूपीआय त्या फोनवर असेल तर मी ते मुळीच पसंत करणार नाही.

पुन्हा बंद करायला गेलात तर काय होतं, ते माझ्या स्वतःच्या चुकीतून सांगतो. काही वर्षांपूर्वी निपाणीहून एक मुलगा असाच फोन घेऊन आला, चीनचं यंत्र आणि वर ग्लोबल सॉफ्टवेअर. हँग होत होता, मी नव्यानं फ्लॅश मारायला घेतला. टूलमध्ये खाली तीन पर्याय होते: सगळं पुसा, डेटा राखा, आणि सगळं पुसून लॉक करा. तिसऱ्यावर आधीपासूनच खूण होती. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बटण दाबलं. फ्लॅश यशस्वी झालं, आणि फोन कायमचा अडकला. आत त्याच्या वडिलांच्या साठीच्या समारंभाचे फोटो होते. वडील त्याआधी तीन महिने वारले होते. बॅकअप घेतलाय का हे मी त्याला विचारलंच नव्हतं. फोनचे पैसे मी भरून दिले, फोटो देऊ शकलो नाही. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एक नियम आहे: फ्लॅश मारताना कुणाशी बोलायचं नाही, आणि 'बॅकअप आहे का' हे विचारल्याशिवाय केबल लावायची नाही.

आणखी एक धोका सांगून ठेवतो, कारण स्वस्त फोनला तोच जास्त होतो. मीडियाटेकची चिप असलेल्या फोनवर फ्लॅश मारताना 'फॉरमॅट ऑल' दाबलं की आयएमईआय ज्या भागात असतो तो भागही पुसला जातो. मग *#०६# दाबल्यावर नंबरच येत नाही आणि सिम चालत नाही. त्यावर काही जण म्हणतात, दुसरा आयएमईआय लिहून देतो. असं कधी करू देऊ नका. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे ओळख क्रमांकात फेरफार केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लिहिलेला नंबर चोरीच्या फोनचा निघाला तर पोलीस दारात येणार ते तुमच्या. सेकंडहँड फोन घेताना खोक्यावरचा आणि पडद्यावरचा आयएमईआय जुळवा, आणि केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ वर मेसेज करा. हे आईच्या फोनसाठी आजच करून टाका. जुळत नसेल तर रीजनचा विचार सोडा आणि फोन विकणाऱ्याकडे परत घेऊन जा.

जुळला, तर जिओवर फोन लागत नाही ते बहुधा फर्मवेअर न बदलता सुटेल. जिओकडे २जी-३जी नाही, सगळे कॉल व्होल्टीईवरून जातात. चीनच्या बांधणीत भारतातल्या कंपन्यांसाठी व्होल्टीई बंद ठेवलेलं असतं. डायलरमध्ये *#*#८६५८३#*#* दाबा. जुन्या फोनच्या बटणांवर ही अक्षरं जुळवून बघा, त्यातून व्होल्टीई हाच शब्द बनतो. 'कंपनीची तपासणी बंद केली' अशा अर्थाची ओळ येईल. मग सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टीईचं बटण दिसेल, ते चालू करा, फोन एकदा बंद करून सुरू करा आणि आईला फोन लावून बघा. काही मॉडेलांत हे अपडेटनंतर पुन्हा करावं लागतं, म्हणून कोड घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बँडही बघून घ्या. चीनसाठीच्या अनेक फोनांत बँड २८ नसतो, त्यामुळे गावात बीएसएनएलचं ४जी आलं असेल तरी हा फोन ते पकडणार नाही. जिओची रेंज घरात येत असेल तर फिकीर नाही. येत नसेल तर या फोनवर आणखी एक रुपयाही घालू नका, परत करता आला तर करा, आणि भारताचं बिल असलेला साधा फोन घ्या. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

तोवर मराठीचं असं करा. मेनू इंग्रजीच राहील, पण आईला मेनूत जायचं नसतं, तिला माणसं आणि मेसेज पाहिजेत. गूगलचा जीबोर्ड घालून त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड चालू करा, दुकानदाराचा कन्नड मेसेज आला तर उत्तर देता येईल. कॉन्टॅक्टमधली नावं देवनागरीत लिहा, 'ताई', 'डॉक्टर', 'दूधवाले' अशी, आणि जवळच्यांचे फोटो लावा. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ॲपची भाषा मराठी करा. फोन चीनचा असला तरी ते उघडल्यावर तिला सगळं मराठीत दिसेल.

एस२३ चा बिल्ड नंबर आणि तीन कोडांची ती ओळ मला पाठवा. बूटलोडरचा आकडा बघून कुठली फाइल चालेल ते सांगतो.